शेतातून थेट ताटात: असं हॉटेल सापडलं, पण खरंखोटं ओळखायचं कसं?

रानवाट
परवा मुख्य रस्त्यावर खोदकाम चालू होतं म्हणून गाडी आतल्या रस्त्याला घातली आणि एका वळणावर हे हॉटेल दिसलं. पाटी एवढीशी, तीही वेलीत अर्धी लपलेली. आत मोजकीच टेबलं. मागच्या भिंतीला मोठ्या खिडक्या आणि खिडक्यांबाहेर वाफे: पालेभाज्या, टोमॅटोचे मांडव, भोपळ्याचे वेल, कडेला मधमाश्यांच्या पेट्या. मेन्यूकार्ड नाहीच. भिंतीवर फळा, त्यावर खडूने लिहिलेले चार-पाच पदार्थ, आणि त्यातले काही तर आम्ही बसेपर्यंत पुसले गेले. पालकाचं काही मिळेल का विचारलं, तर वाढणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सकाळी खुडला तेवढा संपला." दुसऱ्या कुठल्या हॉटेलात हे ऐकून वैतागलो असतो. इथे उलट बरं वाटलं.

जेवण फार साधं होतं. टोमॅटोचं सूप, भाजलेली कंदमुळं, कोवळ्या मटारचं काहीतरी. सूपला टोमॅटोचा वास होता. हे सांगायची गोष्ट आहे का, असं काहींना वाटेल, पण ज्यांना कळायचं त्यांना कळेल. जेवणानंतर बागेत फिरू दिलं, प्रश्नांना उत्तरं दिली, उठवायची घाई केली नाही. बिल बघून मात्र पाणी प्यावं लागलं.

आणि निघताना मागच्या दाराशी एक भलामोठा ट्रक. त्यातून खोकी उतरत होती. बरीच.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. अशा जागी गेल्यावर तुम्ही काय बघता, काय विचारता? चवीत खरंच फरक असतो, की वेली, खिडक्या आणि खडू मिळून आपल्याला गुंगवतात? अनुभवी मंडळींनी लिहावं.

खुसपट
खिडकीतून वाफे दिसतात म्हणजे ते खिडकीसाठीच लावलेत. एवढ्याशा बागेत रोजच्या गिऱ्हाइकांना पुरेल इतकं पिकतं का याचा हिशोब मांडा. सूपचा वास आपोआप कमी होईल.

पानोपानी
फोटो?

रानवाट
@पानोपानी, फोटो नाहीत. जेवत होतो.

पानोपानी
म्हणजे हॉटेल काल्पनिक. चालू द्या.

चुलीपाशी
अशाच एका हॉटेलच्या किचनमध्ये मी काही वर्षं काढली आहेत, म्हणून दोन शब्द. (दोन म्हणजे किती ते खाली दिसेलच.)

आधी ट्रकचं. ट्रक दिसला म्हणून दचकू नका. तेल, मीठ, साखर, पीठ, कॉफी, भांड्यांचा साबण, यातलं काहीही मागच्या वाफ्यात उगवत नाही. उलट "आमचं शंभर टक्के आमच्याच शेतातलं" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी सावध होईन. ट्रक येतो की नाही हा प्रश्नच नाही. ट्रकमधून उतरलेल्या मालाला फळ्यावर "आमच्या बागेतलं" म्हणतात का, हा प्रश्न आहे.

खुसपट यांचा हिशोबही चुकीचा नाही. हॉटेलामागची बाग बहुधा कोवळी पानं, सुगंधी पाला, खायची फुलं आणि हंगामात थोडे टोमॅटो एवढंच पुरवते. बटाटे, कांदे, गाजरं, धान्य यांना जागा लागते. ते बाहेरच्या शेतांवरून येतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तरी अनेकजण लपवतात.

आमच्याकडे दिवस उलटा चालायचा. नेहमीच्या किचनमध्ये आधी मेन्यू ठरतो आणि त्याप्रमाणे माल मागवतात. आमच्याकडे रात्री शेतावरून यादी यायची: उद्या काय निघेल, साधारण किती निघेल. ती वाचून शेफ पदार्थ ठरवायचा. सकाळी क्रेट उतरले की यादीतलं निम्मं खोटं ठरलेलं असायचं, कारण रात्री पाऊस झालेला किंवा अळीने हात मारलेला. मग पुन्हा फळा पुसा, पुन्हा लिहा. झुकिनीच्या दिवसांत तर रडू यायचं. आज काढायची राहिली की दोन-तीन दिवसांत सोट्याएवढी होते. शेतकरी म्हणतो घ्या, शेफ म्हणतो आणा, आणि आम्ही ती सूपमध्ये, केकमध्ये, व्हिनेगरच्या बरण्यांमध्ये दडवत बसायचो. कामगारांच्या जेवणात तर विचारूच नका.

माझी खूण एकच. ज्या हॉटेलात "आज नाही" हे शब्द ऐकू येतात तिथे काहीतरी खरं चालू असतं. बारा महिने तोच मेन्यू आणि वर शेताचं चित्र असेल, तर आपण चित्राचे पैसे देतोय.

तिरकस
चित्रावरून आठवलं. फ्लोरिडातल्या 'टॅम्पा बे टाइम्स'च्या खाद्यसमीक्षक लॉरा रायली यांनी २०१६ मध्ये हीच गंमत केली. हॉटेलांच्या फळ्यांवर ज्या शेतांची नि पुरवठादारांची नावं होती त्यांना थेट फोन लावले: यांना तुम्ही माल देता का? मासे तर डीएनए तपासणीला धाडले. कुणी म्हणालं कधीच दिला नाही, कुणी म्हणालं पूर्वी द्यायचो, आता नाही. फळ्यावर एक मासा, प्रयोगशाळेत दुसराच. ती लेखमाला पत्रकारितेच्या पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत गेली.

तेव्हापासून फळ्यावर शेताचं नाव दिसलं की माझा हात आधी फोनकडे जातो.

खुसपट
फोटोसाठी काढा फोन. पानोपानी यांचा आत्मा शांत होईल.

हिरवाई
इतक्या संशयाने जेवलात तर अंगी काय लागणार? मला यातलं फार कळत नाही, पण जवळच्या शेतातली भाजी म्हणजे वाहतूक कमी, धूर कमी, ताजेपणा जास्त. मला तेवढं पुरे आहे. रानवाट, तुम्ही पुन्हा जा आणि पोटभर जेवा.

आकडेमोड
@हिरवाई, धुराचं गणित दिसतं तसं नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या वेबर आणि मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये अमेरिकी घरांच्या खाण्याचा हिशोब मांडला होता. त्यात सगळ्या वाहतुकीचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या सुमारे ११ टक्के, आणि उत्पादकाकडून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा फक्त ४ टक्के. ८३ टक्के उत्सर्जन पिकवतानाच होऊन गेलेलं असतं. म्हणजे ताटात काय आहे याला जास्त वजन आहे, ते किती लांबून आलं याला कमी. जवळच्याच काचघरात थंडीत इंधन जाळून वाढवलेला टोमॅटो दूरच्या उघड्या शेतातल्या टोमॅटोपेक्षा महागात पडू शकतो, निसर्गाला.

शिवाय त्या हॉटेलपर्यंत गाडी नेली त्या पेट्रोलचं काय?

रानवाट
रस्ता खोदलेला होता हो!

हिरवाई
टक्के मान्य. पण मी फक्त धुराचं म्हणत नव्हते. जवळच्या शेताला नेहमीचं गिऱ्हाईक मिळालं तर ते शेत शेत राहतं, उद्या तिथे इमारत उभी राहत नाही. हे तुमच्या टक्क्यांत कुठे बसतं?

आकडेमोड
बसत नाही. हा मुद्दा तुमचा.

चवीबद्दल मात्र ठाम बोलता येतं, आणि तिथेही अंतर हा गैरसमज आहे. खरा खेळ वेळ आणि तापमानाचा. स्वीट कॉर्नचं कणीस तोडलं की त्यातली साखर पिष्टात बदलायला लागते. अमेरिकी कृषी खात्याची काढणीनंतरच्या साठवणुकीवर पुस्तिका आहे, तिच्यानुसार ३० अंश सेल्सिअसला एका दिवसात ६० टक्के साखर जाते, ० अंशाला जेमतेम ६ टक्के. म्हणजे खिडकीबाहेरून तोडून दिवसभर शेगडीशेजारी ठेवलेलं कणीस हे लांबून बर्फात आलेल्या कणसापुढे हरतं.

टोमॅटोचं नेमकं उलट. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की आठवडाभर ५ अंशात ठेवलेल्या टोमॅटोमधली वास तयार करणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही वास पूर्ण परतत नाही. साखर, आंबटपणा तसाच राहतो, वास जातो. रानवाट यांच्या सूपचं रहस्य एवढंच असू शकतं की त्या माणसाने टोमॅटो फ्रिजमध्ये घातले नाहीत. त्यासाठी शेत लागत नाही.

चुलीपाशी
शेत लागतं, आकडेमोड. लांबच्या प्रवासाला निघणारा टोमॅटो हिरवा तोडतात, वाटेत इथिलीनचा वायू देऊन लाल करतात. तो फ्रिजबाहेर ठेवलात तरी वेलीवर पिकलेल्यासारखा होत नाही. पूर्ण पिकलेला टोमॅटो लांब पाठवताच येत नाही, क्रेटच्या तळाशी त्याची चटणी होते. जवळ असण्याचा खरा फायदा तो. मऊ, नाजूक, पूर्ण पिकलेलं असं पीक घेता येतं जे बाजाराची वाट चालूच शकत नाही.

आकडेमोड
हे पटलं.

मधलीसुट्टी
मटारचंही कणसासारखंच ना? आमचं धाकटं रत्न मटार ताटाच्या कडेला मोजून ठेवायचं. एकदा एका शेतावर नेलं, तिथे शेंगा तोडून सोलून खाताना दिसलं. घरी आल्यावर पुन्हा कडेला रांग. मी विचारलं, आता काय झालं? "ते वेगळे होते." मला तेव्हा वाटलं नाटक आहे. हा धागा वाचून वाटतंय की जिभेचं मत बरोबर होतं आणि मी उगाच रागावले.

तिरकस
तुमच्या रत्नाला रानवाट यांच्याबरोबर पाठवा. डीएनए तपासणीचा खर्च वाचेल.

दुसरा_घोट
मला या हॉटेलांचा एकच त्रास. गाजराचं चरित्र. खुर्चीत टेकत नाही तोवर वाढणारा मुलगा येतो आणि गाजर कुठे जन्मलं, त्याला कोणतं खत मिळालं, ते उपटणाऱ्याचा स्वभाव कसा आहे हे सांगायला लागतो. पदार्थ गार होतो. एकदा तर शेजारच्या टेबलाचं चरित्र संपेपर्यंत आम्हाला पाणी मिळालं नाही. विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर वाढा. इतकं सोपं आहे.

पानोपानी
+१. आणि त्या चरित्राच्या शेवटी येणारं गाजर एकच असतं. मोठ्या बशीत, एकटं.

चुलीपाशी
हा हा. ती एकट्या गाजराची बशी आम्हीही वाढलेली आहे. वाढताना हसू नये म्हणून गाल आतून चावायचो.

पण "ताजं ते उत्तम" हा मंत्र सरसकट लावू नका. कांदा काढल्यावर सुकवावा लागतो, मान वाळली नाही तर कोठारात सडतो. बटाट्याची साल काही दिवस पक्की होऊ द्यावी लागते. जाड सालीचा भोपळा काढल्या काढल्या पाणचट लागतो, काही आठवडे ठेवला की पिष्टाची साखर होऊन गोडावतो. आणि गाजर, पालक हे थंडीच्या कडाक्यातून गेले की जास्त गोड, कारण गोठण्यापासून वाचायला रोप पेशींत साखर साठवतं. चांगल्या हॉटेलात म्हणून कोठार बघावं. बाग सगळेच दाखवतात. थंडीत, वाफे रिकामे असताना काय वाढतात ते बघायला जा. वाळवलेलं, आंबवलेलं, बरण्यांत भरलेलं समोर आलं तर समजा की उन्हाळ्यात कुणीतरी पुढचा विचार केला होता. नॉर्डिक देशांतल्या शेफ लोकांनी २००४ मध्ये कोपनहेगनला एकत्र येऊन जाहीरनामा काढला तो याच अडचणीवर: आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने काही उगवत नाही, तरी आपल्याच हंगामाचं आणि आपल्याच मातीतलं कसं वाढायचं. तिकडच्या किचनमध्ये आंबवण्याला एवढं महत्त्व आलं ते काही हौसेने नाही.

बांधावरून
इतका वेळ वाचत होतो. मी एक-दोन हॉटेलांना भाजी देतो, तेव्हा बांधावरून काय दिसतं तेही ऐका.

आधी ज्यांना द्यायचो त्यांना गाजरं एका लांबीची हवीत, पानाला भोक नको, टोमॅटो एका मापाचे. मातीत वाढलेलं गाजर वाकडं निघतं, कधी त्याला दोन पाय असतात. घाऊक बाजारात जी प्रतवारी चालते तीच यांची, फरक एवढाच की फळ्यावर माझ्या शेताचं नाव. निम्मा माल परत यायचा. पुढे त्यांनी घेणंच बंद केलं, नाव मात्र फळ्यावर कित्येक महिने तसंच होतं. मला ओळखीच्या माणसाने सांगितलं, "काल तुझी भाजी खाल्ली, छान होती." मी काय बोलणार? तिरकस, त्या रायलीबाईंचा फोन मला आला असता तर मी मनापासून बोललो असतो.

आता ज्यांना देतो ते पेरणीच्या आधी येऊन बसतात. कुठलं वाण, किती वाफे, आणि सगळं एकदम न पेरता आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने थोडं थोडं, म्हणजे माल एकाच वेळी अंगावर येत नाही. बियाण्याचे पैसे आगाऊ देतात. गारपीट झाली तर फोन करून ओरडत नाहीत, फळा पुसतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात तेइकेई नावाने गिऱ्हाइकं आणि शेतकरी असेच एकमेकांना बांधून घ्यायला लागले. अमेरिकेतही १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये असे पहिले गट निघाले. हंगामाआधी पैसे भरायचे, मग जे पिकेल त्यात वाटा. बुडालं तर बुडण्यातही वाटा. हॉटेल यात किती उतरतं यावर माझ्या लेखी त्याची किंमत ठरते. बाकी वेली, खिडक्या, खडू हे सजावटवाल्याकडूनही मिळतं.

आणखी एक, जे हॉटेलवाल्यांना आवडत नाही. एका जमिनीत दरवर्षी टोमॅटो घेता येत नाही. फेरपालट करावी लागते. मध्ये डाळवर्गीय पीक, एखादं भरड धान्य, हिरवळीचं खत. हॉटेलाला टोमॅटो हवा, बाकीचं नको. मग त्या बाकीच्याचं मी काय करू? न्यूयॉर्कजवळ डॅन बार्बर नावाचा शेफ आहे, त्याचं 'ब्लू हिल ॲट स्टोन बार्न्स' २००४ पासून शेतातच आहे. त्यानेच पुढे सांगितलं की शेत ते ताट या चळवळीतही शेफ आपल्याला हवं ते उचलतो आणि जमिनीला काय हवं ते विचारत नाही. म्हणून तो फेरपालटीतली पिकं, राय नावाचं धान्य, डाळी, जमिनीवर पांघरूण म्हणून पेरलेला पाला असं सगळं ताटात आणायला लागला. असा एक माणूस माझ्या बांधावर आला तर मी त्याला चहा पाजीन.

हिरवाई
@बांधावरून, दंडवत. हे कुणीच सांगत नाही.

खुसपट
मी मघाचं "वाफे खिडकीसाठी" मागे घेत नाही, पण त्याला एक पुरवणी जोडतो: खिडकीबाहेर पांघरूणपीक दिसलं तर मी गप्प बसेन.

जुनीपाने
बार्बरचा विषय निघालाच आहे तर बियाण्याची गोष्ट. त्याने २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले वाणसंशोधक मायकेल माझुरेक यांना विचारलं की हा लांबुडका बटरनट भोपळा लहान आणि जास्त चवदार का करत नाही? माझुरेक यांचं म्हणणं असं की चवीसाठी वाण काढायला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना जास्त उत्पादन आणि एकसारखा आकार हवा. त्यातून पुढे हनीनट नावाचा छोटा भोपळा बाजारात आला. म्हणजे शेत ते ताट ही साखळी मुळात बियाण्यापासून मोजायला हवी.

आणि ही कल्पना कालची नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत शेफ ॲलिस वॉटर्स यांनी २८ ऑगस्ट १९७१ ला 'शे पानीस' सुरू केलं. रोज एकच ठरलेलं जेवण, निवड नाही. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यांचाही बराच माल दुकानांतूनच यायचा. शेतांशी नाती जुळली ती हळूहळू, नंतर तर चांगला माल पिकवणारे शोधत फिरायला त्यांनी खास माणूस नेमला. पॅरिसच्या 'लार्पेज'मध्ये अलँ पासार यांनी २००१ मध्ये मेन्यूवरून तांबडं मांस काढून टाकलं आणि भाज्यांना मुख्य जागा दिली, तेही हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडचे सर्वोच्च तीन तारे डोक्यावर असताना. तारे टिकले. पुढच्याच वर्षी स्वतःची बाग घेतली, तिथली भाजी ते रेल्वेने पॅरिसला आणायला लागले. मिशेलिनने पर्यावरणासाठी हिरवा तारा द्यायला सुरुवात केली ती २०२० मध्ये.

तिरकस
थोडक्यात, पोटभऱ्यांचे चोचले. तीन तारे, रेल्वेची भाजी, एकटं गाजर. बिल बघून पाणी प्यावं लागतं ते उगाच नाही.

बांधावरून
@तिरकस, बिलाबद्दल थोडं. वाकडी गाजरं यंत्राने धुता येत नाहीत, हाताने घासावी लागतात. दर आठवड्याला थोडं पेरणं म्हणजे दर आठवड्याला मजुरी. पहाटे उजाडायच्या आत काढणी, कारण ऊन चढलं की पानात उष्णता शिरते आणि ती काढायला पुन्हा थंडगार पाणी. हे सगळं कुणीतरी भरायला हवं. स्वस्तात शेत ते ताट कुणी देत असेल, तर आधी ट्रककडे बघा.

पण चोचल्यांचा भाग अगदीच खोटा नाही. मला त्या हॉटेलात जेवणं परवडत नाही. मागच्या दाराने भाजी देतो आणि घरी येऊन जेवतो.

तिरकस
आता यावर काय लिहू? शब्द मागे घेतो, निदान अर्धे.

औषधपाणी
सगळे चवीत रमलेत म्हणून रसभंग करते. ताजं म्हणजे निर्धोक नव्हे. २००६ मध्ये अमेरिकेत पिशवीबंद पालकामुळे ई. कोलायची मोठी साथ झाली होती, आणि तो जंतू लहान वाफ्यालाही वर्ज्य नाही. कच्चं शेणखत घातलेल्या जमिनीत कच्ची खायची पानं लावली तर धोका असतो. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं खत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जायला हवेत, पिकाचा खायचा भाग मातीला लागत नसेल तर ९०. नीट कुजवलेल्या कंपोस्टला हे बंधन नाही. वाफ्यात कोंबड्या मोकळ्या फिरताना फार गोड दिसतात. पण कच्च्या सॅलडच्या वाफ्यात दिसल्या तर मी सॅलड सोडून सूप मागवते. पाणी कुठलं वापरता, तपासता का, हा प्रश्न विचारायला लाजू नये. चांगला माणूस चिडत नाही.

मधलीसुट्टी
आमच्या रत्नाने शेतात शेंगा न धुता खाल्ल्या होत्या. आता मला झोप नाही.

औषधपाणी
शेंगेच्या आतले होते ना? झोपा.

रानवाट
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आठवून आठवून तपासतोय. फळ्यावर कुठल्याच शेताचं नाव नव्हतं, "बागेतलं" एवढंच दोन पदार्थांपुढे होतं, बाकीच्यांपुढे काहीच नाही. तेव्हा मला ते अर्धवट वाटलं होतं. चुलीपाशी आणि बांधावरून यांचं वाचून वाटतंय की तो प्रामाणिकपणाच असावा. कोंबड्या होत्या, पण जाळीपलीकडे. कोठार बघायचं सुचलं नाही.

एक शंका उरली. मी मोठ्या तोंडाने बागेत प्रश्न विचारले, पण ते सगळे "हे कोणतं रोप" छापाचे. टेबलावर बसून उलटतपासणी न वाटता नेमकं काय विचारावं?

चुलीपाशी
"सध्या कशाचा सुकाळ आहे?" एवढंच विचारा. ज्याच्याकडे खरंच शेतातून माल येतो त्याचा चेहरा बदलतो. एकतर वैतागतो किंवा हसतो, कारण काहीतरी डोक्यावरून जाईल इतकं आलेलं असतंच. ज्याला "सगळंच छान आहे" एवढंच सुचतं, त्याचा माल फोनवर येतो.

बांधावरून
माझा प्रश्न वेगळा असेल: "या हंगामात काय फसलं?" सुकाळ सगळे सांगतील, तो भूषणाचा भाग झाला. फसलेलं पीक फक्त शेताशी संबंध असलेल्यालाच माहीत असतं.

आकडेमोड
दोन्ही प्रश्नांची उत्तरं पाठ करून ठेवता येतात. मी तर कोरड्या प्रश्नाच्या बाजूने आहे: ट्रकमधून काय येतं? न लाजता यादी सांगितली तर बसा.

दुसरा_घोट
तिन्ही प्रश्न विचाराल तर पदार्थ गार होईल. गाजराचं चरित्र निदान ते सांगायचे, आता गिऱ्हाईकच मागायला लागलं.

चुलीपाशी
@आकडेमोड, तुमचा प्रश्न सगळ्यात चांगला. पण तो शेफला विचारा, वाढणाऱ्या पोराला नको. त्याला बिचाऱ्याला पाठ करून पाठवलेलं असतं. आणि गर्दीच्या वेळी विचारू नका, नाहीतर उत्तराऐवजी पळी येईल.

हिरवाई
@औषधपाणी, कंपोस्ट नीट कुजलं हे ओळखायचं कसं? माझ्या कुंड्यांतल्या खताला अजून वास येतो आणि मी त्यात पालक लावून बसले आहे.

औषधपाणी
वास येतो म्हणजे ते तयार नाही. पालक शिजवूनच खा. बाकीचं नव्या धाग्यात विचारा, इथे लोक जेवायच्या गप्पा मारतायत.

बांधावरून
धागा काढा, मी येतो. ओलावा जास्त असेल तर आधी वाळका पाला मिसळा आणि उलथून घ्या, तोवर लिंक टाका.